शेणपाण्यातली खडीसाखर

माघातल्या एका सकाळी पुतण्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आबा, पाइप तुंबलाय, जरा बघायला या." त्याच्या गोठ्यात वीस-बावीस संकरित गाई आहेत, गोठ्यामागं गोबरगॅस आहे, आणि गॅस देऊन झाल्यावर टाकीतून जी पातळ स्लरी बाहेर पडते ती उताराच्या टोमॅटोच्या वावरात नेणारा दोन इंची पाइप आहे. आमचं गाव मीना आणि घोड या दोन नद्यांच्या मधल्या टापूतलं, म्हणजे निम्मी सोयरीक जुन्नर तालुक्यात आणि निम्मी आंबेगावात; दिवाळीला फराळाचे डबे नारायणगावलाही जातात आणि मंचरलाही. तर हा पाइप दोन वर्षं बिनतक्रार वाहिला आणि मग त्याची धार उन्हाळ्यातल्या ओढ्यासारखी बारीक होत होत एके दिवशी आटूनच गेली. पोरानं तार घालून पाहिली, मोटरीचा जोर लावून पाहिला, काही उपयोग झाला नाही. शेवटी जिथं पाइप वळतो तो एल्बो कापला.

आत माती असेल, चगळ असेल असं आम्ही धरून चाललो होतो. पण करवंटीच्या आत जसं खोबरं धरलेलं असतं, तसा पाइपच्या आत चहूबाजूंनी पांढरट-करडा थर धरला होता आणि मधे जेमतेम करंगळी जाईल एवढं भोक उरलं होतं. दगडानं ठोकल्यावर थर फुटला, आणि फुटलेल्या कडेवर सकाळचं ऊन पडताच तिथं बारीक बारीक चमक उठली, जशी खडीसाखरेचा खडा फोडल्यावर उठते तशी. घरातून हाक यायच्या आत माझ्या नातीनं एक तुकडा उचलला, नळाखाली दोनतीनदा खळखळून धुतला, उन्हात वाळवला आणि खिडकीच्या फळीवर, विहीर खोदताना सापडलेल्या गारगोटीच्या शेजारी नेऊन ठेवला. संध्याकाळी वीज गेली, कंदील लागला, आणि उजेडात ते दोन दगड शेजारी शेजारी चमकायला लागले तेव्हा तिनं विचारलं, "आबा, हे दोघं बहीणभाऊ आहेत का?"

प्रश्न मोठा गोड होता, आणि त्याचं उत्तर एका रात्रीत संपणारं नव्हतं. तुम्हीही जरा टेकून बसा.

आधी गारगोटीचं सांगतो. आपल्या भागात कुठंही विहीर खणा, खाली काळा कातळ लागतो. हा कातळ सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हाच्या रूपानं थरावर थर असा पसरला, भाकरीवर भाकरी रचावी तसा. आता भाकरी भाजताना जसे तिला फोड येतात, तसे त्या लाव्हातही वाफेचे बुडबुडे अडकून राहिले आणि दगड थिजल्यावर त्या जागी पोकळ्या उरल्या. पुढं लाखो वर्षं कातळातून पाणी झिरपत राहिलं, दगडातलं थोडं थोडं सत्त्व विरघळवून या पोकळ्यांत आणत राहिलं, आणि अंधारात, कुणी बघत नसताना, तिथं स्फटिक वाढत गेले. लोक त्या सगळ्यांनाच गारगोट्या म्हणतात. जाणकार त्यातल्या पुष्कळांना झिओलाइट म्हणतात. याच कातळात, पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींत निळाजर्द कॅव्हान्साइट सापडतो आणि तो पाहायला जगभरातल्या स्फटिकवेड्यांचा जीव टांगलेला असतो.

मग पाइपातला दगड कोण? ते ओळखायला आम्ही तीन परीक्षा घेतल्या. पहिली नखाची. गारगोटीवर नख चालत नाही, यावर सहज ओरखडा उमटला. दुसरी लिंबाची. साधी चुनखडी असती तर लिंबाचा थेंब पडताच फसफसली असती. हा खडा आवाज न करता थेंबाखाली हळूहळू विरघळायला लागला. तिसरी परीक्षा मला आईची आठवण करून देणारी. आमच्या लहानपणी पडसं झालं की आई नवसागर आणि चुना एका बाटलीत घालून हुंगायला द्यायची आणि एका श्वासात नाकापासून टाळूपर्यंत झणका जायचा. तसं आम्ही या खड्याची चिमूटभर पूड तळहातावर घेतली, बोटावरचा ओला चुना तिच्यात चोळला आणि नातीला वास घ्यायला सांगितलं. तिनं मान मागं खेचली, डोळ्यांत पाणी आलं, आणि म्हणाली, "आबा, पावसाळ्यातला गोठा!" तोच तो. दगडात अमोनिया लपून बसला होता आणि चुन्यानं त्याला बाहेर काढला.

या खड्याचं नाव स्ट्रुव्हाइट. तीन पाहुणे एका पाटावर बसले की तो तयार होतो: मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट. तिघंही बरोबर एकास एक, कुणी कमी नाही, कुणी जास्त नाही, आणि त्यांच्या सोबतीला पाण्याचे सहा कण. हे पाणी असं घट्ट बांधलेलं की खडा हाताला खडखडीत कोरडा लागतो, पण 100 ग्रॅम खड्यातलं 44 ग्रॅम वजन पाण्याचंच असतं! उरलेल्यात स्फुरद साडेबारा टक्के, मॅग्नेशियम दहा टक्क्यांच्या जवळ आणि नत्र पावणेसहा टक्के. हे आकडे शेतकऱ्याच्या कानाला ओळखीचे वाटतील, कारण खताच्या पोत्यावर आपण हेच वाचतो. म्हणजे पुतण्याच्या पाइपात जे साचून बसलं होतं ते चक्क खत होतं, आणि तेही दाणेदार.

आता हे तिघं गाईच्या गोठ्यात भेटले कसे? अमोनिया येतो मुतातून, ते सांगायला नको. फॉस्फेट येतं चाऱ्यातून आणि पेंडीतून. आणि मॅग्नेशियम येतं हिरव्या पानातून, कारण पानाला हिरवं करणारा जो कण असतो त्याच्या ऐन मधोमध मॅग्नेशियम बसलेलं असतं; शिवाय आपल्या काळ्या कातळातून झिरपलेल्या विहिरीच्या पाण्यातही ते असतंच. टाकीत तिघंही विरघळून तरंगत असतात आणि एकमेकांना ओळखतही नाहीत. मग एल्बोपाशीच त्यांची गाठ का पडली? ते समजायला जत्रेतला गोटीसोडा आठवा. अंगठ्यानं गोटी आत दाबली की फस्सकन आवाज होतो आणि कोंडलेला वायू बाहेर पळतो. गोबरगॅसच्या टाकीतल्या पाण्यातही तसाच कर्बवायू विरघळून कोंडलेला असतो आणि तो पाण्याला किंचित आंबटपणा देतो. पाणी पाइपच्या वळणावर आदळलं, घुसळलं गेलं की तो वायू निसटतो, आंबटपणा कमी होतो, पाणी खारवटपणाकडं झुकतं, आणि या तिघांना तेवढंच हवं असतं. एकदा पहिला कण भिंतीला चिकटला की पुढच्यांना जागा सापडते, जशी काकवीच्या बरणीत तळाला एक साखरेचा कण धरला की बाकीची साखर त्याच्यावर येऊन बसते.

हा खडा माणसाच्या पोटातही होतो, बरं का. मुतखडे अनेक जातींचे असतात, त्यातली एक जात नेमकी हीच. मूत्रमार्गात काही जातीचे जंतू शिरले की ते युरिया फोडून अमोनिया करतात, आणि पाइपात झालं तेच मूत्रपिंडात होतं; खडा आतल्या फांद्याफांद्यांत शिरत सांबराच्या शिंगासारखा वाढतो. त्याला दवाखानाच गाठावा लागतो. आणि एक गंमत ऐका. परदेशात राहणाऱ्या आमच्या एका नातलग मुलीनं डबाबंद मासे उघडले तर आत काचेचे कण चमकले. ती घाबरली, डबा टाकून द्यायला निघाली. मी म्हटलं, थांब, एक कण कोमट व्हिनेगरमध्ये ठेव. काच असेल तर तशीच राहील. संध्याकाळपर्यंत कण विरघळला. माशाच्या अंगातले तेच तीन पाहुणे बंद डब्यात पाटावर बसले होते.

याला नाव मिळालं ती गोष्ट जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहराची. 1842 साली तिथं मोठी आग लागली आणि सेंट निकोलाई नावाचं जुनं चर्च जळालं. नव्या चर्चचा पाया खणताना जुन्या काळचं शेण आणि घाण कुजून मुरलेली माती लागली, आणि तिच्यात हे स्फटिक, चांगले सुबक, उतरत्या छपराच्या छोट्या घरांसारखे. उलेक्स नावाच्या तिथल्या औषधविद्येच्या जाणकारानं 1845 साली त्यांची पारख केली आणि स्ट्रूव्ह नावाच्या एका खनिजप्रेमी मुत्सद्द्याचं नाव त्यांना दिलं. पुढं ऑस्ट्रेलियातल्या एका गुहेत, वटवाघळांच्या विष्ठेच्या थरातही हा खडा सापडला. लेण्याद्रीच्या, तुळजा लेण्यांच्या बाजूला फिरताना अंधाऱ्या कोपऱ्यातून तो उग्र वास आला की मला ती गुहा आठवते.

आणि योगायोग पाहा, स्फुरद माणसाला पहिल्यांदा सापडला तोही हॅम्बुर्गमध्येच. 1669 साली ब्रांट नावाचा एक जण परीस शोधत होता, लोखंडाचं सोनं करणारा. त्याला कुठून तरी वाटलं की मूत्र सोन्यासारखं पिवळं असतं, तेव्हा परीस त्यातच असणार. त्यानं बादल्याच्या बादल्या मूत्र जमवलं, कुजू दिलं, आटवलं, भट्टीत घातलं, आणि शेवटी अंधारात काहीतरी हिरवट उजेड देत चमकायला लागलं. सोनं मिळालं नाही. पण आपल्या हाडांत, दातांत, बियांत जो असतो, आणि ज्याच्याशिवाय गवताचं पातंही उगवत नाही, तो स्फुरद उघड्या डोळ्यांना दिसला. आपल्या माणसांनीही त्याला काय नाव दिलं बघा: स्फुरद, स्फुरण पावणारा.

आता डुकरांकडं वळतो. आपल्या भागात डुक्कर म्हटलं की रानडुकरंच आठवतात, एका रात्रीत भुईमुगाचं वावर उकरून टाकणारी. पण जपानात, डेन्मार्कात, हॉलंडात, अमेरिकेत डुकरांच्या मोठमोठ्या शेड असतात, आणि तिथलं धुण्याचं पाणी स्फुरदानं भरलेलं असतं. त्याचं कारण ऐकण्यासारखं आहे. बी म्हणजे झाडानं लेकराच्या पाठीशी बांधून दिलेली शिदोरी. त्या शिदोरीत झाड स्फुरदही बांधतं, पण असं कुलूप लावून की अंकुर फुटेपर्यंत कुणी चोरू नये. गाईच्या पोटात जे असंख्य जंतू असतात त्यांच्याकडं या कुलपाची किल्ली असते. डुकराकडं आणि कोंबडीकडं ती नसल्यातच जमा. म्हणून मका आणि सोयाबीन खाल्लेल्या डुकराच्या पोटातून बराचसा स्फुरद कुलूपबंदच बाहेर पडतो, आणि मग बाहेरचे जंतू सावकाश ते कुलूप फोडतात. आपल्या सुगरणी आंबोळीचं पीठ रात्रभर आंबवतात ना, तेव्हाही पातेल्यात हीच कुलपं उघडत असतात.

डुकरांच्या शेडमधल्या या पाण्याचे पाइप सगळीकडंच तुंबत. पंप अडत, नळ्या बदलाव्या लागत. लोकांनी खडा विरघळवायच्या नाना युक्त्या केल्या, आणि मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की दगड बसणारच असेल तर तो आपण सांगू तिथं बसवावा. जपानी संशोधकांनी डुकरांच्या सांडपाण्याच्या टाकीत खालून हवेचे बुडबुडे सोडले, म्हणजे सोड्यातला वायू उडवून लावला, आणि पाण्यात पोलादी जाळ्या टांगल्या. जाळ्यांवर खडे चढले, खडीसाखर दोऱ्यावर चढते तसे. जाळी वर काढायची, खडे झाडून घ्यायचे, वाळवायचे. दुसऱ्या काही ठिकाणी उभ्या नळकांड्यात खालून पाणी सोडतात आणि त्यात आधीचे बारीक खडे विरजणासारखे घालतात. दूध जसं विरजणाभोवती लागतं तसे नवे कण त्या जुन्यांवर चढतात आणि ज्वारीच्या दाण्याएवढे झाले की आपल्या वजनानं तळाला उतरतात. तीन पाहुण्यांत मॅग्नेशियम बहुधा कमी पडतं, म्हणून ते वरून घालतात. द्राक्षवाल्यांच्या घरात जे मॅग्नेशियम सल्फेटचं पोतं असतं तेसुद्धा चालतं, आणि मिठागरात मीठ काढून घेतल्यावर उरणारं कडू पाणीही चालतं. नेपाळात काठमांडूजवळ सिद्धीपूर गावी तर माणसांचं मूत्र वेगळं साठवून, हातानं फिरवायच्या साध्या टाकीत मॅग्नेशियम घालून ढवळलं आणि कापडाच्या पिशवीतून गाळलं. श्रीखंडाला चक्का टांगतात तशी पिशवी टांगायची; पाणी गळून जातं, खडा मागं राहतो.

एक किलो स्फुरद असा धरला की सुमारे आठ किलो खडा हाती लागतो. सगळंच पाणी यानं शुद्ध होतं असं मात्र समजू नका. तिघं एकास एकच बसतात, आणि सांडपाण्यात नत्र इतका जास्त असतो की त्यातला बराच पाण्यातच राहतो. पाण्यात चुना फार असेल तर तो मधेच येऊन फॉस्फेटचा हात धरतो आणि दुसराच गाळ होतो. चोथा गाळून काढावा लागतो. निगुतीनं करायचं काम आहे, दही लावण्यासारखंच.

पण एवढा खटाटोप कशासाठी, असं नातीनं विचारलं. मी तिला डीएपीचं रिकामं पोतं दाखवलं, त्यावर 18-46 लिहिलेलं असतं ते. त्यातल्या 46 ची गोष्ट अशी की तो स्फुरद खडकातून येतो. आपल्या देशात उदयपूरजवळ झामरकोटड्याला असा खडक आहे, पण आपल्या भुकेला तो पुरत नाही. जगातला सर्वांत मोठा साठा, दहातला सातएक वाटा, मोरोक्को आणि त्याला लागून असलेल्या वाळवंटात आहे. म्हणजे सातगाव पठारावरच्या बटाट्याच्या मुळाशी जो स्फुरद पडतो त्यानं बहुधा समुद्र पाहिलेला असतो. नत्राला पंख आहेत. तो हवेत उडतो, कडधान्याच्या गाठींतून परत येतो, विजेच्या कडकडाटाबरोबर पावसात उतरतो. स्फुरदाला पंख नाहीत. तो वावरातून निसटला की पाण्याबरोबर खाली खालीच जातो: कुकडी घोडेला मिळते, घोड भीमेला, भीमा उजनीच्या पाण्यात थांबते, आणि तिथं शेवाळ आणि जलपर्णी त्याच्यावर पोसते. आपण पैसे मोजून आणलेलं खत जलपर्णीला घालतो, आणि मग ती काढायला पुन्हा पैसे मोजतो.

शेणामुताचं हे मोल जुनी माणसं पोटातून जाणत होती. नाणेघाटातल्या सातवाहनांच्या लेखात यज्ञांच्या दक्षिणेत दिलेल्या हजारो गाईंची मोजदाद कोरलेली आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या गाई जिथं जिथं बांधल्या गेल्या असतील तिथली माती पुढं किती पिकली असेल, असं मला घाट चढताना नेहमी वाटतं. आमचे वडील उन्हाळ्यात गोठ्याची मुरलेली जमीन दीड वीत खरवडून काढत आणि ती माती वावरात पांगवत, आणि गोठ्यात नवी माती भरत. भिंतीच्या पायाला पांढरा लोणा फुटला तर तोही झाडून उकिरड्यात जाई.

आणि अगदी आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट. देहू गावात 1960 च्या सुमारास डॉ. मापुसकर नावाचे एक डॉक्टर आले. औषधं देऊन देऊन त्यांना कळलं की रोग उघड्यावरच्या घाणीतून येतोय. मग त्यांनी आयुष्यभर संडास बांधून घेतले, संडासाला गोबरगॅस जोडला, आणि ज्याच्याकडं कुणी बघत नाही त्यातून चूल पेटवून दाखवली. 2017 साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. त्यांना वाट दाखवणारे होते कणकवलीच्या गोपुरी आश्रमातले अप्पासाहेब पटवर्धन, ज्यांनी सफाईलाच आपलं व्रत मानलं. आपल्या भाषेनं मैल्याच्या खताला सोनखत म्हटलं आहे. हॅम्बुर्गच्या ब्रांटला जे सोनं मिळालं नाही, ते या शब्दात कधीचंच येऊन बसलं होतं.

पुतण्यानं आता पाइपच्या आधी एक उघडी कुंडी बांधली आहे. गाळलेली स्लरी तिच्यात हातभर उंचीवरून पडते, घुसळते, फेसाळते, आणि पाण्यात एक जुनी लोखंडी जाळी टांगलेली आहे. एल्बोत जे व्हायचं ते आता कुंडीत व्हावं एवढीच इच्छा. परवा जाळी वर काढली तेव्हा तारांवर करडी खरखरीत साय धरली होती. झाडून वाळवल्यावर वाटीभरही भरली नाही. नातीनं तिच्यातली चिमूटभर अंगणातल्या टोमॅटोच्या बुडाशी पुरली, तांब्याभर पाणी घातलं आणि दुसऱ्या दिवशी उकरून पाहिलं.

"आबा, खडा तसाच आहे की!"

तसाच असणार. निव्वळ पाण्यात हा खडा फार थोडा विरघळतो, म्हणून पावसानं वाहूनही जात नाही. तो वाट बघतो मुळाची. मूळ जवळ आलं की आपल्या अंगचा किंचित आंबट रस सोडतं, लिंबाच्या त्या थेंबासारखा, आणि मग खडा हळूहळू सुटायला लागतो, लागेल तेवढाच, रोज थोडा थोडा. नातीनं ते ऐकलं, माती पुन्हा नीट लोटली, आणि उरलेली वाटी खिडकीच्या फळीवर, गारगोटीला टेकवून ठेवली.

बहीणभाऊच ते. दोघंही पाण्यातून आले, दोघंही अंधारात वाढले. थोरलीला लाखो वर्षं लागली आणि ती खिडकीतच राहणार. कुंडीतला धाकटा दोन महिन्यांचा आहे, आणि टोमॅटोला फूल येईपर्यंत त्यातला थोडा तरी पानात गेलेला असेल.